सोळा ते साठ

हॉस्पिटलच्या लॅबच्या खिडकीतून कागद हातात पडला तेव्हा पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. क्रिएटिनीन चार पूर्णांक दोन. गेल्या पाच वर्षांत आईचा हा आकडा सातच्या खाली कधी उतरलाच नव्हता. नऊ, साडेनऊ, दहा. सर्दीतापात दोनदा डायलिसिस चुकलं तेव्हा तर बारा. आणि आज चार पूर्णांक दोन! मागचा माणूस कोपराने ढोसत होता तरी तो तसाच खिडकीपाशी वाट अडवून उभा राहिला. नव्या औषधाचा गुण असणार. डॉक्टर उगीच नाही म्हणाले, थोडा धीर धरा. आईला कसं सांगायचं, आधी तोंड पाडून सांगायचं आणि मग हसायचं, की लांबूनच कागद हलवत जायचं, असं काहीबाही मनात जुळवत तो डायलिसिसच्या हॉलकडे निघालासुद्धा. आठ-दहा पावलं गेल्यावर त्याची नजर कागदाच्या वरच्या ओळीवर गेली. आडनाव त्यांचंच. पुढे पुरुष. वय सत्तेचाळीस. तो थांबला. समोरून औषधांची ढकलगाडी येत होती, तिला वाट द्यायला भिंतीला टेकला, आणि गाडी गेल्यावरही टेकलेलाच राहिला. आता गंमत अशी की, तो आनंद चटकन निघून गेला नाही. तो काही क्षण छातीत तसाच राहिला, चुकीच्या घरात शिरलेल्या माणसासारखा, कुठे बसावं हे न कळून.

आठवड्यापूर्वी आई मशीनवर असताना तिथल्या टेक्निशियनने सहज म्हणून त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. रक्तदाब एकशे ऐंशीला गेला तेव्हा दोघंही हसले होते, पट्टा बिघडलाय म्हणून. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "तुमच्या घरात आहे हे, तुम्हीही एकदा तपासून घ्या. सोनोग्राफीही करा," म्हणाले. म्हणून आज सकाळी आईबरोबर त्यानेही रक्त दिलं होतं. घरात आहे म्हणजे आईच्या घरात. आईचे वडील बावन्नाव्या वर्षी पाय सुजून गेले. तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, पाय सुजून गेले एवढंच. आईचं सहासष्टाव्या वर्षी कळलं. डॉक्टरांनी तेव्हा कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं होतं, दोन किडन्या आणि त्यांच्यात द्राक्षांसारखे पाण्याचे फोड. मुलांपैकी साधारण निम्म्यांना होतं, असंही सांगितलं होतं. तो आईचा एकुलता एक. एकाचे निम्मे कसे करायचे? पण गेली पाच वर्षं काही आधार नसताना तो स्वतःला बिनधोक त्या दुसऱ्या निम्म्यात धरून चालला होता. कागदाची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली, मागे फिरला, पुन्हा रांगेत उभा राहिला आणि आईचा रिपोर्ट मागून घेतला. नऊ पूर्णांक सहा.

"आला का रे?" आईने विचारलं. ती चौथ्या नंबरच्या खुर्चीत होती, डावा हात उशीवर, त्यातून दोन लाल नळ्या मशीनकडे गेलेल्या. "आला. आहे तिथेच आहे." "मग एवढा वेळ?" "रांग होती." पाचव्या खुर्चीतल्या बाई खो खो हसल्या. त्या आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होत्या. सगळा हॉल त्यांना कंडक्टरबाईच म्हणायचा, आणि त्यांचा आवाज मशीनच्या सगळ्या घंट्यांवर वरचढ होता. "अहो चष्मेवाले, रांगेत उभं राहायची सवय ठेवा. इथे पुढचं स्टँड कुणालाच लवकर नको असतं!" आईही हसली. हसताना हात हलला, मशीन वाजलं, टेक्निशियन धावत आला. तो स्टुलावर बसून राहिला. हा हॉल त्याला घरातल्या खोलीसारखा पाठ होता. कुठल्या पंख्याला आवाज येतो, कुठल्या खुर्चीची पाठ नीट मागे जात नाही. आज तो पहिल्यांदाच खुर्च्या मोजत होता. अकरा होत्या. तो आपल्यासाठी जागा बघत होता हे त्याच्या लक्षात आलं आणि तो उठून बाहेर गेला.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत त्याचं काम चाले. काचा कापायच्या, कडा घासायच्या, फ्रेम गरम करून वाकवायची, बुबुळांमधलं अंतर मोजायचं. बावीस वर्षं तो हेच करत होता आणि माणसाच्या डोळ्यांवरून त्याला वय बरोबर सांगता येई. चाळिशी लागलेला माणूस तर दारातूनच ओळखू येतो. तो आपल्याला काही झालंय हे कबूल करायला आलेलाच नसतो. हल्ली औषधांच्या बाटलीवर अक्षरं फारच बारीक छापतात अशी तक्रार घेऊन येतो. त्याला खुर्चीत बसवून, हळूहळू काच चढवत नेऊन, शेवटी "हं, आता दिसतंय" म्हणवून घ्यायची खुबी त्याच्याकडे होती. त्या आठवड्यात त्याच्या हातून दोन काचा तुटल्या. मशीनच्या दगडावर काच धरली की पाण्याचा बारीक फवारा उडे आणि त्या आवाजात त्याच्या डोक्यात आकडे फिरत. चार पूर्णांक दोन म्हणजे किती शिल्लक? सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी चित्र काढलं नाही, या वेळी गरज नव्हती. "वर्ष, दीड वर्ष. नशीब असेल तर दोन. तयारी मात्र आत्तापासून," म्हणाले. किडनी बदलायचं विचारलं तर म्हणाले, द्यायला कोण आहे? बायकोला साखर. आई अशी. मुलगी सोळा वर्षांची, आणि तिचीही अजून तपासणी व्हायची. मुलीचा विषय निघाल्यावर त्याने डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. डॉक्टरांनी ते पुन्हा तिरकं केलं.

तयारी म्हणजे काय हे त्याला शिकवायला नको होतं. आईच्या आजारपणाच्या पहिल्या वर्षात त्यांनी वरच्या मजल्याचं स्वप्न विकलं होतं, म्हणजे बुक केलेलं घर सोडलं होतं, आणि त्याच जुन्या दोन खोल्यांत राहिले होते. मग एका ट्रस्टचं कार्ड मिळालं. हॉस्पिटलातच त्यांचं ऑफिस होतं, एक टेबल, एक कपाट आणि तिथल्या मॅडम. कार्ड असलं की डायलिसिस निम्म्याहून कमी दरात. त्या कार्डावर आईची पाच वर्षं निघाली होती. दर सहा महिन्यांनी ते नवं करून घ्यायला तोच जायचा, आणि या वेळी गेला तेव्हा भिंतीवर चिकटवलेला तक्ता त्याने नीट वाचला. पंधराच्या आत. सोळा ते साठ. साठच्या वर. प्रत्येक ओळीपुढे गुण. पाच वर्षं त्याची नजर आपोआप शेवटच्या ओळीवर जायची, जशी माणसाची नजर ग्रुप फोटोत आपल्या घरच्यांवर जाते. आज ती मधल्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली. मग त्याला आठवलं, मुलीला गेल्याच महिन्यात सोळा पूर्ण झाली. म्हणजे ती आणि तो एकाच ओळीत.

"एक मित्र आहे माझा," तो मॅडमना म्हणाला.

"किती वय?" मॅडमनी वर न बघता विचारलं.

"सत्तेचाळीस. त्याच्या घरात आधीच एक कार्ड आहे. त्याच्या वडिलांचं."

मॅडमनी आता वर बघितलं. त्या वाईट बाई नव्हत्या. रोज तीस जणांना नाही म्हणून त्यांचा आवाज सपाट झाला होता, एवढंच. "एका घरात एकच कार्ड. पण अर्ज केला तर कमिटी गुण बघते. लहान मुलाचा खर्च जास्त येतो, तरी त्याला सगळ्यात वर धरतात, कारण पुढे आयुष्य असतं. तुमच्या मित्राचं वय कमावतं आहे, मागे संसार असेल. साठच्या पुढे काय होतं, एकाला जोडून चार आजार येतात, खर्च वाढतच जातो आणि..." त्या थांबल्या. "मी ठरवत नाही हे. मी फक्त लिहून घेते."

"म्हणजे वडिलांचं जाईल."

"मित्राला मिळालं तर जाईल. तुमच्या मित्राला सांगा, अर्ज मात्र लवकर भरा. रांग मोठी आहे." आणि त्यांनी एक कोरा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. मित्रासाठी.

तो अर्ज त्याने दुकानातल्या त्याच्या खणात, घासायच्या काचांच्या पाकिटांखाली ठेवला. घरी नेला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या आत काहीतरी सुरू झालं, आणि ते काय आहे हे कळायला त्याला पंधरा दिवस लागले. आईचे डायलिसिसचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. घरी येताना ती टॅक्सीत डोळे मिटून बसे, जिन्यात दोनदा थांबे, खुर्चीत टेकली की पदराने तोंड पुसून म्हणे, "पुरे झालं आता. सुटले तर बरं." आणि तो चपला काढता काढता म्हणे, "काहीतरी बोलू नकोस." पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा. ते दोघांचं एक बोलणं होऊन गेलं होतं, दार उघडताना कडी वाजावी तसं. आता मात्र जिना चढतानाच त्याचे कान त्या वाक्याकडे लागत. ती ते कसं म्हणते, दमून की मनापासून? आज जरा जास्त मनापासून म्हणाली का? एकदा ते न म्हणताच तिने पाणी मागितलं, घोटभर, मोजलेलं, आणि शेजारच्या घरातलं बाळ आता बसायला लागलं का म्हणून विचारलं. तेव्हा त्याला चक्क राग आला. कशाचा राग? बाळाचा? तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. आरशात एक बऱ्यापैकी सभ्य दिसणारा माणूस होता, डोळ्यांखाली थोडा सुजलेला. लहानपणी त्याला गोवर आला होता तेव्हा याच आईने नऊ दिवस नोकरीवर जायचं सोडलं होतं आणि शेवटी ती नोकरी गेली होती. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, त्याला ते मावशीकडून कळलं. म्हणून काय? तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. एकतीस वर्षांच्या बाईने नोकरी सोडणं आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईने... त्याने नळ बंद केला. वाक्य पुरं झालं नाही, पण बंदही झालं नाही. दुकानात, बसमध्ये, जेवताना ते अर्धंच चालत राहिलं.

आणि मग एका मंगळवारी आई खुर्चीत टेकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुरे झालं आता." तो चपला काढत होता. त्याने एक चप्पल काढली. दुसरी काढली. दोन्ही भिंतीला लावून ठेवल्या. काही बोलला नाही. तोंडात शब्द होते, पाच वर्षांचे घासून गुळगुळीत झालेले, नुसते सोडून द्यायचे होते. ते सुटले नाहीत. आईने हळूच पदर खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो आत गेला.

गुरुवारी त्याची सुट्टी होती. बायको शाळेच्या ऑफिसात गेली होती, मुलगी क्लासला. आई स्वयंपाकघरात भाजी उकळून तिचं पाणी टाकत होती. पोटॅशियम जावं म्हणून तिची भाजी वेगळी, दोनदा उकळलेली, बेचव असायची. तिने पातेलं खाली ठेवलं आणि पाठमोरीच विचारलं, "किती आहे तुझं?"

"काय किती?"

"पाच वर्षं तिथे बसतेय रे मी. मला काय किती म्हणून विचारू नकोस."

तो दाराच्या चौकटीला टेकला. "चार पूर्णांक दोन होतं. आता साडेचार आहे."

आईने गॅस बंद केला. बराच वेळ पातेल्यातून वाफ वर जात राहिली. "मोजे काढतोस तेव्हा पायाला वळ असतो," ती म्हणाली. "पाठ दाराला घासतोस. तोंडाला लोखंडाची चव येते ना? येणारच. पण त्यावरून नाही कळलं. मंगळवारी मी पुरे झालं म्हटलं आणि तू गप्प बसलास."

"दमलो होतो."

"खोटं बोलू नकोस. लहानपणीही तुला ते जमायचं नाही, कान लाल व्हायचे." ती वळली. चेहरा वाफेने ओला झाला होता, की कशाने, ते कळलं नाही. "माझ्याकडूनच आलंय तुला. मला काय वाटतं ते मी सांगणार नाही, सांगून तुझा आकडा खाली यायचा नाही. पण कार्ड मी सोडणार नाही."

"मी कुठे म्हटलं सोड म्हणून?"

"म्हटलं नाहीस. वाट बघत होतास."

त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. समोर फक्त चमचा होता, तो त्याने उचलला आणि परत ठेवला. आई जवळ आली. ती आता त्याच्या खांद्याच्याही खाली आली होती, हाडं झिजून. "वेड्या, मी पुरे झालं म्हणते ते तू नको म्हणावंस म्हणून. एवढंही कळू नये? चार तास अंगातलं रक्त बाहेर काढून पुन्हा आत भरून आल्यावर माणसाला कुणीतरी राहा म्हणावंसं वाटतं. मला जगायचंय रे. एकाहत्तर झाली म्हणून काय झालं? सकाळी उठते, खिडकी उघडते, मला अजून बरं वाटतं. मी काय करू त्याला?" एवढं बोलून ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि भाजी निथळायला लागली. त्याने पातेलं धरलं. तिने धरू दिलं.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांना सांगून टाकलं, जेवणाची ताटं मांडलेली असताना, जणू पाणी येणार नाही म्हणून सांगावं तसं. बायको हातातली पळी घेऊन खाली बसली. "मला का नाही सांगितलंत हो?" एवढंच दोनदा म्हणाली. मुलीने आजीकडे, मग त्याच्याकडे बघितलं. "मग मलाही तपासायला लागेल का?" "अठराव्या वर्षी बघू म्हणालेत," तो शेवटी म्हणाला. मुलीने मान हलवली आणि जेवायला लागली, मुलं जेवतात तशी, भराभर. तिच्याकडे बघवेना. पुढचे दिवस विचित्र गेले. आईचा त्याला राग यायचा, उघड, धडधडीत राग, आणि त्या रागाखाली पहिल्यांदाच जमीन लागल्यासारखं वाटायचं. ती स्वतःहून कार्ड सोडून निघून गेली असती तर? तर तो आयुष्यभर, म्हणजे जे काही उरलंय तेवढंभर, तिच्या त्या चौथ्या खुर्चीत बसून राहिला असता, तिच्या जागेवर, तिच्या मोठेपणावर. हे त्याला काच घासता घासता सुचलं आणि हात थांबला. पण म्हणून राग गेला नाही. रागाचंही काही चूक नव्हतं. रात्रंदिवस खाज सुटावी तसं ते सगळं अंगभर फिरत होतं, एक जागा खाजवली की दुसरी उठे.

एका शुक्रवारी डायलिसिसनंतर आई टॅक्सीत डोळे मिटून बसली नाही. "मी घर बदलतेय," ती म्हणाली.

"काय?"

"कंडक्टरबाईंच्या दोन खोल्या आहेत, त्या एकट्याच आहेत. हॉस्पिटलच्या मागेच. एक खोली मला देतात. तुझ्या वडिलांची पेन्शन आहे माझी, त्यात भागतं. घरं दोन झाली की कार्डं दोन."

"असं चालतं होय! फसवणूक आहे ती."

"मॅडमना सरळ विचारलं मी. त्या म्हणाल्या, खरंच वेगळ्या राहत असाल, वेगळी चूल असेल, तर हरकत नाही. पण आम्ही येऊन बघतो. म्हटलं, बघा की. खोटं कोण करतंय? खरंच जातेय."

"आणि तुझ्याकडे बघायचं कोणी?"

"कंडक्टरबाई. आणि त्यांच्याकडे मी. दोघींच्या मशीनच्या वेळाही एकच. तुझी ती टॅक्सीसुद्धा वाचली." खिडकीबाहेर बघत ती थोडी हसली. "तुझ्या लक्षात येतंय का, मी जन्मात कधी स्वतःच्या घरात राहिले नाही. आधी वडिलांच्या, मग सासऱ्यांच्या, मग तुझ्या."

घरी बायकोने रान उठवलं. "लोक काय म्हणतील? सुनेनं म्हातारपणी घराबाहेर काढलं, असंच म्हणतील ना? तुम्ही दोघं मायलेकरं ठरवून मोकळे, शेण माझ्या तोंडात!" आईने तिला शेजारी बसवून घेतलं. "म्हणू देत. मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगून जाते, की सून रडत होती." "मी रडत नाहीये!" बायको रडत ओरडली. शेवटी तीच बाजारात जाऊन आईसाठी नवी पातेली घेऊन आली, हलकी, आईला उचलता येतील अशी. कपडे, औषधांचा डबा, वजनाचा काटा, लोकरीची शाल, एवढंच सामान निघालं. एकाहत्तर वर्षांची बाई एका टॅक्सीत मावली. तो सामान घेऊन दोन जिने चढला आणि वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. कंडक्टरबाई दारात उभ्या होत्या. "सावकाश, चष्मेवाले. घाई करणारे पहिले पडतात."

पंधरा दिवसांनी, दुपारी, तो तिथे गेला होता. बायकोने शिवलेले उशीचे अभ्रे द्यायचे होते. खोली लहान, एक खिडकी, एक कॉट, एक छोटा गॅस. खिडकीत आईने पुदिन्याच्या काड्या पाण्यात घालून ठेवल्या होत्या. ती दिसायला काही फार बरी दिसत नव्हती. पण केस नीट विंचरलेले होते आणि ती खोलीत इकडून तिकडे अशी जात होती की जणू तिथे तीनशे पावलांची जागा आहे. तेवढ्यात दार वाजलं. मॅडम होत्या, हातात फाइल, घामाने डबडबलेल्या. त्यांनी गॅस बघितला, पातेली बघितली, कॉटखाली वाकून बघितलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्याकडे नजर गेली. "हे? मुलगा इथेच राहतो?"

त्याने तोंड उघडलं. आई त्याच्या आधी बोलली. "नाही हो. पाहुणा आहे. तास-दीड तास बसेल, चहा घेईल, जाईल."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. त्याला क्षणभर मित्राची आठवण झाली, त्या सत्तेचाळीस वर्षांच्या, वडील असलेल्या मित्राची, आणि मॅडमनाही झाली असावी, कारण फाइल मिटताना त्या त्याला म्हणाल्या, "तुमचा अर्ज अजून आला नाही." दार ओढून घेत त्या गेल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. पाहुणा हा शब्द त्याच्या अंगात हळूहळू उतरत होता, आणि तो दुखतोय की बरा वाटतोय हे ठरेना. आईने खरंच चहा टाकला, एकच कप. त्याला कॉटवर बसायला सांगितलं, जसं पाहुण्याला सांगतात.

"अर्ज कुठाय?" तिने विचारलं.

त्याने खिशातून काढला. दोन महिने तो खणात पडून मऊ झाला होता; आज का कोण जाणे, दुकानातून निघताना त्याने तो बरोबर घेतला होता. वय, व्यवसाय, निदान, सगळं त्याने एकेक करून भरलं. आई शेजारी बसून बघत होती, चष्मा कपाळावर, कारण जवळचं तिला चष्म्याशिवायच चांगलं दिसे. एका रकान्याशी पेन थांबलं. रुग्णासोबत येणारी व्यक्ती. बायकोचं नाव लिहायचं तर तिची नोकरी. दर वेळी सुट्टी कोण देणार? मुलगी शाळेत.

"माझं लिही," आई म्हणाली.

"तुझं कसं लिहू? तू स्वतः पेशंट आहेस."

"मग? मी असतेच की तिथे मंगळवार-शुक्रवार. तुझेही तेच दिवस माग. मशीन वाजलं की कोणाला हाक मारायची, कुठला टेक्निशियन सुई नीट घालतो, पाय वळला की काय करायचं, तुझ्या बायकोला काय माहीत? मला माहीत आहे." आणि मग थोडं थांबून, "सध्या तर तुला नुसतं बसायचंच आहे ना. तयारीला म्हणून. येत जा. स्टुलावर बस."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडे वळायला लागलं म्हणून तो घाईने लिहायला वाकला. नातं, आई. पुढे पत्ता होता. हात सवयीने चालला आणि त्याने निम्मा पत्ता लिहिलाही, घर नंबर, मजला. तेव्हा आईचं बोट कागदावर आलं, त्या निम्म्या ओळीवर. "तो नव्हे," ती म्हणाली. "तो तुझा. माझा लिही."

त्याने ओळ खोडली. पेन टेकवलं आणि थांबला. इतक्या वेळा येऊन गेला होता, पण इमारतीचं नाव काय, गल्लीचा नंबर कितवा, त्याला काही येत नव्हतं. त्याने आईकडे बघितलं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, ताठ बसली आणि शाळेत मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, तिचा पत्ता त्याला सांगायला लागली.